लळा लागण्याआधीचे दिवस

मराठीत लळा लावता येतो आणि लळा लागतोही. पहिल्या क्रियेचा कर्ता माणूस असतो. दुसरी क्रिया कुणी करीत नाही, ती घडावी लागते. या दोन क्रियापदांमधले अंतर तुडवायला किती दिवस लागतात, हा प्रश्न दत्तक मुलाच्या बाबतीत फार तीव्रतेने उभा राहतो. त्यातही मूल दीड-दोन वर्षांचे असेल, पालक परदेशातून आलेले असतील आणि त्यांची पहिली भेट मुलाच्याच देशातील एखाद्या कचेरीत किंवा हॉटेलच्या खोलीत होत असेल, तर हे अंतर केवळ दिवसांत मोजता येत नाही. अशा भेटींवर आणि त्यानंतरच्या वास्तव्यावर गेल्या काही दशकांत पुस्तके लिहिली गेली, चित्रपटही निघाले. त्यांतील काहींचा परामर्श घेण्याचा आमचा विचार आहे. आमचे प्रतिपादन प्रारंभीच सांगतो. या कलाकृतींनी परदेशातील हे दिवस मोठ्यांच्या प्रतीक्षेचे दिवस म्हणून रंगवले. लहानग्याच्या दृष्टीने ते वियोगाचे दिवस असतात, याकडे त्यांतील बहुतेकांचे लक्ष गेले नाही.

प्रथम या वास्तव्याचे स्वरूप पाहू. कोलंबियात मूल दत्तक घ्यायचे तर पालकांना तेथे जाऊन राहावे लागते. मुलाशी भेट होते, एकत्र वास्तव्य सुरू होते, मग न्यायालयाचा हुकूम आणि प्रवासाची कागदपत्रे. यात काही आठवडे जातात. चीनमधून मुले दत्तक जात असत तेव्हा साधारण दोन आठवड्यांचा मुक्काम घडे. मूल ज्या प्रांतातले असेल तेथे ते पालकांच्या हाती दिले जाई आणि अमेरिकन पालक मग त्याला घेऊन ग्वांगझौ शहरी येत, कारण मुलाचा व्हिसा तेथील अमेरिकन वकिलातीतून मिळे. म्हणजे कायद्याच्या गरजेपोटी का होईना, तीन अनोळखी माणसे एका खोलीत काही दिवस कोंडली जातात. दोघांना तिसऱ्याची भाषा येत नाही. तिसऱ्याला तर पुरती कोणतीच भाषा अजून आलेली नसते. पण जी चार शब्दांची आली आहे ती या दोघांना समजत नाही. नाट्याच्या दृष्टीने याहून समर्थ प्रसंग कोणता असेल? तरीही या खोलीत थांबण्याचे धैर्य फार थोड्या लेखकांनी दाखवले आहे.

रोज लुइस या अमेरिकन लेखिकेचे 'आय लव्ह यू लाइक क्रेझी केक्स' हे चित्रपुस्तक २००० साली निघाले. जेन डायर यांची त्यातील जलरंगांतली चित्रे मोहक आहेत. एक एकटी स्त्री चीनमधील अधिकाऱ्यांना पत्र लिहिते, विमानाने जाते, हॉटेलात बाळ तिच्या हाती येते आणि दोघी घरी परततात. विमानतळावर आप्तेष्ट जमलेले असतात. शेवटच्या पानावर ही आई बाळाला जवळ घेऊन, जिला ते ठेवता आले नाही त्या चिनी आईसाठी डोळ्यांतून पाणी काढते. हे शेवटचे पान पुस्तकाला सामान्य गोडव्यापासून वाचवते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. जन्मदात्रीची आठवण ठेवणारी बालपुस्तके तोवर फारशी नव्हती. परंतु या पुस्तकात एक व्यक्ती कोठेच रडत नाही. ती म्हणजे जिचे सर्वस्व या प्रवासात मागे राहिले ती. आई रडते तेही आनंदाच्या पूर्ततेनंतर, घरी पोहोचल्यावर. बाळ मात्र पहिल्या क्षणापासून आईचेच असते. लळा लागण्याची क्रिया लेखिकेने पान उलटण्याच्या वेळात उरकली आहे.

बालपुस्तकावर अशी टीका करणे अन्यायाचे आहे, असे कुणी म्हणेल. पण ही पुस्तके वाचतात कोण? दत्तक घेऊ इच्छिणारे आईबापही ती वाचतात आणि त्यांच्या मनात पहिल्या भेटीचे चित्र तेथूनच तयार होते. त्याच काळातील आणखी एक वस्तू या संदर्भात उद्बोधक वाटते. ग्वांगझौच्या शामियान बेटावरील व्हाइट स्वान हॉटेलात, वकिलात शेजारीच असल्यामुळे, अमेरिकन दत्तक पालकांचा मोठा राबता असे. तेथील अशा पाहुण्यांना मॅटेल कंपनीने बनवलेली एक बाहुली भेट मिळे. सोनेरी केसांच्या बार्बीच्या कडेवर चिनी बाळ, आणि तिचे नाव 'गोइंग होम बार्बी', म्हणजे घरी निघालेली बार्बी. वकिलात २०१३ साली शामियानहून हलली, पुढे २०२४ मध्ये चीनने परदेशी दत्तकाची वाट, नातेसंबंधांतील अपवाद वगळता, बंद केली आणि तो राबता इतिहासजमा झाला. बाहुलीचे नाव मात्र विचार करण्याजोगे आहे. घरी कोण निघाले होते? बार्बी निघाली होती. कडेवरचे बाळ त्याच दिवशी घर सोडून निघाले होते. एकाच प्रवासाला दोन नावे असतात आणि त्यांतले एकच छापले जाते, याचे इतके बोलके उदाहरण आम्हांला दुसरे आढळले नाही.

आता गंभीर कलाकृतींकडे वळू. बर्त्राँ ताव्हर्निए (१९४१–२०२१) या थोर फ्रेंच दिग्दर्शकाचा 'होली लोला' हा चित्रपट २००४ सालचा. त्याच्या पटकथेत त्याची लेखिका कन्या तिफानी ताव्हर्निए हिचा सहभाग होता. पिएर हा डॉक्टर आणि त्याची पत्नी जेराल्दीन मूल दत्तक घेण्यासाठी कंबोडियात नोम पेन्ह येथे येतात. अनाथालयांच्या खेपा, कचेऱ्यांतील ताटकळणे, मध्यस्थांचे पाकिटांकडे वळणारे डोळे, एकाच निवासात उतरलेल्या इतर फ्रेंच जोडप्यांमधली मैत्री आणि मत्सर, पतीपत्नींचे एकमेकांवर उसळणे हे सारे ताव्हर्निए इतक्या जिवंतपणे दाखवतो की काही प्रसंगी आपण माहितीपट पाहत आहोत असे वाटते. ज्या देशात गरिबीमुळे मूल आणि माल यांतली सीमा पुसट होते, तेथे चांगल्या हेतूने आलेली माणसेही कशी गढूळ पाण्यात उतरतात, हे तो लपवत नाही. मुलांच्या व्यापाराच्या संशयावरून अमेरिकेने २००१ च्या डिसेंबरात कंबोडियातील दत्तकाची प्रकरणे थांबवली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या चित्रपटाच्या प्रामाणिकपणाची किंमत कळते.

तथापि त्याची सारी रचना शोधकथेची आहे. मूल मिळेल की नाही, हा त्यातला ताण. शोधकथेत सापडणारी वस्तू स्वतः काही शोधत नसते. लोला हे तान्हे बाळ आहे, म्हणून दिग्दर्शकाची सुटका झाली. ती दोन वर्षांची असती, तिला अनाथालयातल्या एखाद्या दाईचा लळा लागलेला असता आणि निवासातल्या खोलीचे दार लागताच तिने त्या दाईच्या नावाने हंबरडा फोडला असता, तर पिएर आणि जेराल्दीन यांची खरी कसोटी कागदपत्रे हाती आल्यावर सुरू झाली असती. चित्रपटाला ती कथा सांगायची नव्हती, हे आम्ही जाणतो. परंतु ती कथा सांगणारे कुणीच पुढे येत नाही, ही आमची तक्रार आहे.

जॉन सेल्स या अमेरिकन दिग्दर्शकाच्या 'कासा दे लोस बेबिस' (२००३) मध्ये हीच प्रतीक्षा अधिक व्यापक होते. लॅटिन अमेरिकेतील एका अनाम देशात, समुद्रकाठच्या हॉटेलात सहा स्त्रिया दत्तक मुलाची वाट पाहत आहेत. कायद्याने त्यांना तेथे राहणे भाग आहे आणि त्यांच्या राहण्यावर हॉटेलचा व्यवसाय चालतो. सेल्सने या सहाजणींच्या भोवती रस्त्यावरची मुले, बेकार बाप, गर्भवती कुमारी आणि हॉटेलातल्या मोलकरणी आणून उभ्या केल्या आहेत. त्यामुळे ज्यांच्याकडून मूल येते आणि ज्यांच्याकडे मूल जाते, ते दोन्ही समाज एकाच चौकटीत दिसतात.

या चित्रपटातला एक प्रसंग अविस्मरणीय आहे. आयलीन ही आयरिश स्त्री खोली आवरायला आलेल्या असुन्सिओनशी बोलू लागते. बर्फ पडून शाळेला सुटी मिळालेल्या दिवशी आपण आणि आपली मुलगी काय काय करू, याचे तपशीलवार स्वप्न ती इंग्रजीत सांगते. असुन्सिओनला त्यातले काहीच समजत नाही. मग ती स्पॅनिशमध्ये बोलते. तिने आपली मुलगी दत्तक दिली आहे, आणि उत्तरेकडे कुठेतरी ती सुखात असावी, एवढीच तिची आस आहे. आयलीनला तेही समजत नाही. दोन आया, एक झालेली आणि एक होऊ घातलेली, एकमेकींना आपले अंतःकरण देतात आणि शब्द मात्र मध्येच गळून पडतात. परदेशातील वास्तव्याचा सगळा अर्थ या प्रसंगात एकवटला आहे. परंतु आमच्या मनात असे येते की, हाच संवाद पुढे त्या आईला आपल्या मुलीशी करायचा आहे. एक इंग्रजीत अंगाई गाणार, दुसरी आपल्या चार शब्दांत कुणाला तरी हाक मारणार, आणि दोघींना एकमेकींचे काही कळणार नाही. सेल्सने दोन स्त्रियांमधली ही खिडकी उघडली. तिसरी खिडकी बंदच राहिली.

त्या खिडकीतून काय दिसले असते, याची कल्पना यायला दत्तकाशी संबंध नसलेल्या एका चित्रफितीकडे जावे लागते. जेम्स रॉबर्टसन हा लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतला संशोधक. १९५२ साली त्याने आठ दिवस इस्पितळात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फीत काढली. पुढे पत्नी जॉयस हिच्यासह त्याने अल्पकाळ आईपासून दूर राहणाऱ्या मुलांवर एक मालिका केली. तिच्यातली 'जॉन' ही १९६९ सालची फीत आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. जॉन १७ महिन्यांचा आहे. दुसऱ्या बाळंतपणासाठी आई इस्पितळात गेल्यामुळे त्याला नऊ दिवस एका शिशुगृहात ठेवले आहे. तेथे कुणी क्रूर नाही. परिचारिका हसऱ्या आहेत, फक्त त्या पाळीपाळीने बदलतात. जॉन एकीला जीव लावू पाहतो, तिची पाळी संपते; दुसरीकडे वळतो, तीही जाते. तो रडतो, खाणे टाकतो, मोठ्या अस्वलाच्या खेळण्याला बिलगून पडून राहतो. नवव्या दिवशी आई येते तेव्हा तो तिच्या मांडीवरून सुटण्यासाठी धडपडतो आणि तिच्याकडे पाहायलाही तयार होत नाही.

याच मालिकेतली जेन १७ महिन्यांचीच. तिलाही आईपासून दहा दिवस दूर राहावे लागले, पण ती रॉबर्टसन दांपत्याच्या घरी राहिली. तिची आधी ओळख करून घेतलेली होती, तिच्या सवयी माहीत करून घेतल्या होत्या आणि सांभाळणारी व्यक्ती एकच होती. जेनलाही त्रास झाला, पण ती जॉनसारखी कोसळली नाही. मूल लहान आहे म्हणून विसरेल, या समजुतीचे याहून समर्पक खंडन दुसरे नसेल. आणि इतकेच: आधार टिकून राहिला तर मूल दुःखातूनही उभे राहते, याचे याहून चांगले आश्वासनही नसेल.

या दोन फितींच्या उजेडात परदेशी हॉटेलची खोली पुन्हा पाहावी. दीड वर्षाचे मूल तेथे आल्यावर कधी तासन्‌तास रडते. कधी तोंडातला घास गिळत नाही, अंघोळीला घाबरते. एकाला चिकटते आणि दुसऱ्याला झिडकारते. झिडकारलेला बाप वा आई मनातून खचते. कधी याउलट ते मुळीच रडत नाही, कुणाच्याही कडेवर जाते, सांगितले तेथे बसते. आपल्याकडे अशा मुलाला आपण कौतुकाने 'गुणी बाळ' म्हणतो. रॉबर्टसनने दाखवले की गप्प झालेले मूल रुळलेले असतेच असे नाही. त्याने आशा सोडलेलीही असू शकते. म्हणून रडणारे मूल पाहून घाबरलेल्या पालकांना सांगावेसे वाटते की, ज्याला लळा लागलेला होता तेच मूल असे रडते. आणि ज्याला एकदा लळा लागला त्याला तो पुन्हा लागू शकतो. हे रडणे नव्या नात्याला नकार देत नाही, ते जुन्या नात्याची साक्ष देते.

आणि येथेच परदेशी वास्तव्याचे मोल ध्यानात येते. त्या काही आठवड्यांत मुलाच्या भोवती त्याचेच ऊन असते, त्याच्याच भाषेचा कल्लोळ असतो, ओळखीच्या भाताचा वास असतो. परके असतात ते पालक. रस्ता ओलांडता येत नाही, पाटी वाचता येत नाही, आपले म्हणणे कुणाला कळत नाही, कचेरीत बसलेला कुणी अनोळखी माणूस आपले भवितव्य ठरवतो, असा अनुभव त्यांना येतो. काही दिवसांनी विमान उतरले की हाच अनुभव मुलाला येणार असतो, आणि त्याला परतीचे तिकीट नसते. सेल्स आणि ताव्हर्निए या दोघांनी पालकांचे परकेपण उत्तम टिपले. ते मुलाच्या परकेपणाची रंगीत तालीम आहे, हे मात्र त्यांना दिसले नाही. दिसले असते, तर हॉटेलातला कंटाळा हाच त्या चित्रपटांचा गाभा ठरला असता.

हा विषय दूरदेशीचा आहे असे समजून वाचकांनी तो बाजूला ठेवू नये. भारतातूनही मुले परदेशी गेली आहेत, महाराष्ट्रातील संस्थांतूनही गेली आहेत. लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली या व्यवहाराला शिस्त लावली, ती मोठ्या कळकळीने. न्या. भगवती यांच्या त्या निकालात असे मत आहे की, मूल परदेशी द्यायचे तर शक्यतो ३ वर्षांच्या आत द्यावे. कारण समज येण्यापूर्वी गेलेले मूल नव्या परिसरात सहज मिसळते. लवकर घर मिळावे हा त्यातला हेतू योग्यच आहे. परंतु 'समज येण्यापूर्वी' हे शब्द जॉनची फीत पाहिल्यावर तसेच वाचता येत नाहीत. १७ महिन्यांच्या मुलाला समज असते; तिला शब्द नसतात. त्या काळी आपल्याकडची कितीतरी मुले तर सोबत्याच्या हवाली होऊन विमानाने गेली आणि त्यांची नव्या पालकांशी पहिली भेट परक्या विमानतळावरच झाली. त्यांना हॉटेलातल्या त्या चार दिवसांचा पूलही लाभला नाही.

आणखी एक धागा आपल्या समाजाशी जोडलेला आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली परदेशी दांपत्ये भारतीय मुलाचे पालकत्व घेत आणि मग आपल्या देशी जाऊन ते दत्तक करून घेत. भारतीय ख्रिस्ती दांपत्यालाही दीर्घकाळ याच कायद्याचा आसरा होता. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा त्याला लागू नव्हता. बाल न्याय अधिनियम २००० मध्ये आला, २००६ च्या दुरुस्तीने त्यातील दत्तकाची तरतूद स्पष्ट झाली, आणि मग कोठे आईबाप हे नाते सर्वांना कायद्याने खुले झाले. तोवर कागदावर आपण आपल्याच मुलांचे पालक होतो, आईबाप नव्हतो. कागद आणि लळा यांच्या वाटा किती वेगळ्या चालतात, हे आपल्या घरांना परदेशी कादंबरीवाचून ठाऊक असायला हवे. तरीही दत्तक मूल हट्टी झाले, रात्री उठून रडू लागले, की 'एवढे सगळे मिळाले, आता काय कमी आहे' हे वाक्य आपल्या ओसरीवर उच्चारले जातेच. मुलाकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणारे हे वाक्य त्या चित्रपुस्तकाच्याच शाळेतले आहे.

आम्ही निराशेचाच सूर लावला, असे वाटू नये म्हणून एका वेगळ्या पुस्तकाचा उल्लेख करतो. एमिली प्रागर या अमेरिकन लेखिकेने चीनमधून सात महिन्यांची मुलगी दत्तक घेतली होती. मुलगी पाच वर्षांची होण्याच्या सुमारास, १९९९ साली, ती तिला घेऊन तिच्या जन्मगावी, वूहू येथे राहायला गेली. 'वूहू डायरी' (२००१) ही त्या वास्तव्याची दैनंदिनी. त्याच मे महिन्यात बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर अमेरिकी बॉम्ब पडले आणि चीनमध्ये संतापाची लाट उठली. अमेरिकन आई आणि चिनी मुलगी त्या लाटेत हातात हात घालून गावातून हिंडत होत्या. पुस्तक काही जागी पसरट झाले आहे. परंतु लेखिका मुलीला काहीतरी दाखवायला नेते आणि स्वतःच पाहायला शिकते, ही त्यातली उलटापालट खरी आहे. लहान मुलीच्या रागाला, चिकटण्याला, गावाविषयीच्या ओढीला तिने पाने दिली आहेत. ती घाईने सुखान्ताकडे जात नाही.

दुसरी कृती दत्तक गेलेल्या मुलीचीच. डिआन बोर्शे लीम ही १९६६ साली कोरियातून अमेरिकेत गेली, तीही दुसऱ्याच एका मुलीच्या नावावर. २००० सालच्या 'फर्स्ट पर्सन प्लुरल' या आपल्या चित्रफितीत तिने दोन्ही कुटुंबांना बोलते केले आहे. विमानतळावर स्वागताला गेलेल्या आपल्या माणसांनी आधी चुकीच्याच मुलीकडे धाव घेतली होती, ही आठवण त्यात हसत हसत येते, आणि पाहणाऱ्याच्या काळजात घर करते. तिच्या दत्तक कुटुंबाचे प्रेम खोटे नव्हते, हे ती कोठेही नाकारत नाही. आपण कोण होतो हे विचारायला मात्र कुणी तिच्या गावी गेले नाही, एवढेच दाखवते.

आता इथिओपियाने २०१८ साली आणि चीनने २०२४ साली परदेशी दत्तक बंद केले आहे. अन्य देशांतही जुन्या प्रकरणांची चौकशी झाली आहे; दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने तर २०२५ मध्ये तेथील व्यवहारातील गैरप्रकारांवर बोट ठेवले. हॉटेलातल्या त्या खोल्या रिकाम्या होत चालल्या आहेत. पण त्या खोल्यांत एकेकाळी रडलेली मुले आज मोठी झाली आहेत आणि काही लिहू लागली आहेत. या विषयावरचे खरे साहित्य त्यांच्याकडून आणि त्यांचे रडणे न थोपवता ऐकलेल्या आईबापांकडून येईल, अशी आमची अपेक्षा आहे.

रॉबर्टसनची पहिली फीत पाहून इंग्लंडमधील अनेक डॉक्टर चिडले होते. मुले इस्पितळात छान रमतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९५९ साली प्लॅट समितीने मुलांना भेटण्यास आईबापांना मोकळीक द्यावी, अशी शिफारस केली आणि हळूहळू वॉर्डांची दारे उघडली. एका माणसाने कॅमेरा एका मुलीकडे रोखून धरला आणि काहीही न सुधारता तिला पाहिले, त्याचा या बदलात मोठा वाटा होता. कथाकारालाही याहून वेगळे काही करायचे नसते. मूल हाती आल्यावर कथा संपवू नये. दार लावून घ्यावे, जमिनीवर बसावे आणि थांबावे.